नदीची नाडी कोण पाहणार?

घरातील माणूस ज्वराने पडले म्हणजे सकाळी ताप किती, सायंकाळी किती, हे आपण कागदावर टिपून ठेवतो. त्या टिपणावाचून वैद्यालाही नेमका उपचार ठरविता येत नाही. नदीच्या प्रकृतीविषयी हाच नियम लागू आहे, व उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांनी तो सत्वर अंगीकारावा, असे आमचे मत आहे.

या प्रदेशात दोन प्रवाह मुख्य होत. उल्हास नदी राजमाचीच्या परिसरात उगम पावून कर्जत, बदलापूरवरून कल्याणकडे जाते. बदलापूर, जांभूळ व शहाड येथे तिचेच पाणी पिण्यासाठी उचलले जाते. दुसरी वालधुनी. ती मलंगगडाकडील डोंगरांतून काकोळे येथील रेल्वेच्या जुन्या तलावावरून येते, शके ९८२ मधील अंबरनाथच्या शिवालयाजवळून वाहते आणि उल्हासनगर ओलांडून कल्याणच्या खाडीस मिळते. १९४९ साली निर्वासित सिंधी बांधवांसाठी उल्हासनगर वसले. पुढे वस्ती वाढली, कारखाने वाढले, आणि दोहोंचे सांडपाणी वालधुनीच्या वाट्यास आले. २०१४ च्या नोव्हेंबरात तिच्यात विषारी रसायन ओतले गेले, तेव्हा उल्हासनगरातील शेकडो लोकांना श्वास कोंडून रुग्णालय गाठावे लागले.

आपल्या पूर्वजांनी जलपरीक्षेचा विचार केला नव्हता असे नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, ४५ व्या अध्यायात, दूषित जलाचे स्पर्श, रूप, रस, गंध, वीर्य व विपाक असे सहा दोष गणले आहेत. यांपैकी पहिले चार इंद्रियांना कळतात. शेवटचे दोन परिणामांवरूनच कळावयाचे. परंतु परिणाम दिसेपर्यंत थांबणे म्हणजे लेकराबाळांच्या शरीरावर परीक्षा करणे होय. म्हणून उपकरणे हवीत. स्नानयोग्य पाण्यात दर लिटरला निदान ५ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असावा. आणि मळ कुजविताना सूक्ष्म जंतू जो प्राणवायू खातात, त्याचे मान ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असा आपल्याकडील दंडक आहे.

१९७४ च्या जलप्रदूषणविषयक कायद्यान्वये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ पाण्याचे नमुने तपासते. परंतु दिवसा घेतलेल्या एका नमुन्यास मध्यरात्री रिकाम्या झालेल्या टँकरची वार्ता कशी कळावी? यास्तव पाण्याची आम्लता व वीजवाहकता अहोरात्र नोंदविणारी यंत्रे प्रमुख नाल्यांच्या मुखाशी बसवावीत. प्रवाह क्षीण असतो त्या वैशाख-ज्येष्ठात, तसेच साचलेली घाण वाहून आणणाऱ्या पहिल्या पावसात, नमुने मुद्दाम अधिक घ्यावेत.

याहून महत्त्वाचा प्रश्न स्थळाचा. नदी शहरात शिरते तेथे एक नमुना व बाहेर पडते तेथे दुसरा, असे दोन्ही एकाच दिवशी घ्यावेत. दोहोंतील अंतर हा त्या शहराचा जमाखर्च! मग ‘घाण वरून येते’ ही सबब कोणासही सांगता येणार नाही. मात्र त्यासाठी वही एकच हवी. र्‍हाईन नदीकाठच्या पाच राष्ट्रांनी १९५० साली संयुक्त मंडळ स्थापून एकत्र मोजमाप आरंभिले. परस्परांशी नुकतेच महायुद्ध लढलेल्या राष्ट्रांना जे साधले, ते एकाच लोहमार्गावरील तीन शेजारी शहरांना का साधू नये?

शेवटची गोष्ट प्रसिद्धीची. हे आकडे कपाटात न राहता मराठी व सिंधी भाषांत चौकाचौकांतील फलकांवर दर आठवड्यास लिहिले जावेत. सुज्ञ गृहस्थांनी व गृहिणींनी ते वाचावेत, मुलांना समजावून द्यावेत, आणि आकडा बिघडला तर नगरसेवकास जाब विचारावा. आपल्या न्हाणीघरातून निघालेले पाणी कोणत्या नाल्यास मिळते, हेही त्याच वेळी शोधून काढावे; कारण त्या जमाखर्चात कारखान्यांइतकीच आपल्या घरांचीही नावे आहेत.