चावी आत, मालक बाहेर! गाडी लॉक झाली तर काच कधी फोडायची, कधी नाही?

ओतूर (ता. जुन्नर) : कांद्याच्या लिलावाचा दिवस. मार्केटबाहेर गाड्यांची रांग लागलेली. पिकअपचं इंजिन चालूच ठेवून ड्रायव्हर दोरी आवळायला खाली उतरतो आणि मागे दार धाडकन लागतं. लॉकचं बटण कधी दाबलं गेलं ते त्यालाही कळत नाही. चावी आत, मोबाईल आत, डिझेल जळतंय आणि मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू. मग प्रत्येक जण एक सल्ला देतो. कोणी पट्टी आणतं, कोणी तार, आणि एखादा थेट दगडच उचलतो.

गाडी रिकामी असेल तर ही फजिती चार दिवसांनी हसण्यावारी जाते. त्याच गाडीत लहान मूल असेल तर मात्र सगळा हिशेब बदलतो. त्यामुळे दार लॉक झाल्याचं लक्षात आलं की तार-पट्टी शोधायच्या आधी आत कोण आहे ते बघायचं. पुढं काय करायचं ते त्यावरच ठरतं.

आत मूल असेल तर

एसी चालू आहे, मूल शांत आहे आणि दुसरी चावी पाच मिनिटांत येणार आहे, एवढ्याच स्थितीत थांबायला हरकत नाही. तेही काचेपाशी उभं राहून, मुलाकडे बघत. इंजिन बंद असेल आणि गाडी उन्हात असेल तर चावीवाल्याची वाट बघत बसू नये. एकानं ११२ला फोन लावायचा, दुसऱ्यानं काच फोडायची.

एवढी घाई कशाला, असं अनेकांना वाटतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतलं तापमान मोजलं होतं. २००५ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. बाहेर साधारण २२ ते ३६ अंश तापमान असताना तासाभरात गाडीच्या आतला पारा सरासरी २२ अंशांनी चढला. त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच बोटभर खाली ठेवूनही फारसा फरक पडला नाही. म्हणजे बाहेर ३४ अंश असतील तर अर्ध्या तासात आत पन्नाशी ओलांडली जाते. त्यात लहान मुलाचं अंग मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट वेगानं तापतं. अशा घटनांच्या बातम्यांत ‘गुदमरून’ असा शब्द येतो, म्हणून लोकांना वाटतं की थोडी फट ठेवली की झालं. पण उन्हातल्या बंद गाडीत हवा संपायच्या आधी उष्णताच घात करते.

काच फोडायची तर पुढची मोठी काच सोडून द्या. तिच्या दोन थरांमध्ये चिकट पापुद्रा असतो, तिला नुसतेच तडे जातात. दाराची काच मात्र फुटली की तिचे बारीक खडे होतात. मूल ज्या बाजूला आहे त्याच्या सगळ्यात लांबची काच निवडा. मधोमध मारू नका, तिथं काच सगळ्यात जास्त मार सहन करते. खालच्या कोपऱ्यात टोकदार वस्तूनं जोरात मारा. चाकाचा पाना, पहार, हातोडी, जे असेल ते चालेल. हाताला टॉवेल किंवा पोतं गुंडाळा आणि तोंड फिरवा. सीटवरचं डोकं टेकायचं कुशन काढून त्याच्या दांड्यानं काच फोडायचा व्हिडिओ मोबाईलवर बराच फिरतो, पण ते कुशन गाडीच्या आत असतं. बाहेर अडकलेल्याला त्याचा उपयोग काय?

मुलाला बाहेर काढलं की सावलीत न्यायचं, कपडे सैल करायचे किंवा काढायचे, अंगावर साधं पाणी ओतून वारा घालायचा आणि १०८ची रुग्णवाहिका बोलवायची. मूल शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नये.

गाडी दुसऱ्याची असेल तर लोक कचरतात. ‘उद्या केस झाली तर?’ हा प्रश्न श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराच्या यात्रेतल्या पार्किंगमध्येही येऊ शकतो आणि ओझर-लेण्याद्रीला आलेल्या पर्यटकाच्या गाडीपाशीही. भारतीय न्याय संहितेचं कलम १९ इथं कामाला येतं. गुन्ह्याचा हेतू नसताना, माणसाला किंवा मालमत्तेला होणारं दुसरं नुकसान टाळण्यासाठी, चांगल्या भावनेनं केलेली कृती गुन्हा ठरत नाही, असं ते कलम सांगतं. तरीही आधी ११२ला कळवा, दोन माणसं साक्षीला घ्या आणि आत अडकलेल्या मुलाचा व्हिडिओ काढायला एकाला सांगा. व्हिडिओसाठी काच फोडायची मात्र थांबू नका.

मुलं स्वतःच गाडीत शिरतात

हा भाग गावाकडं जास्त लागू पडतो. नागपुरात जून २०२३ मध्ये घराजवळ उभ्या असलेल्या गाडीत तीन लहान मुलं मृतावस्थेत सापडली. त्याआधी ती बेपत्ता म्हणून शोध सुरू होता. मुंबईत अँटॉप हिलला एप्रिल २०२४ मध्ये पाच आणि सात वर्षांची बहीण-भावंडं अशीच उभ्या गाडीत गेली. आंध्र प्रदेशातल्या विजयनगरम जिल्ह्यात मे २०२५ मध्ये एका गावात खेळता खेळता चार मुलं गाडीत अडकली आणि चौघंही दगावली. यातल्या एकाही ठिकाणी आईबापांनी मुलांना गाडीत सोडलेलं नव्हतं. गाडी उघडी होती, मुलं खेळायला आत शिरली, दार लागलं आणि त्यांना ते आतून उघडता आलं नाही.

अंगणात, गोठ्यापाशी, शेताच्या बांधावर गाडी उघडी ठेवायची आपल्याकडं सवय आहे. ‘इथं कोण चोरतंय?’ असं म्हटलं जातं. चोराचा प्रश्नच नाही, आपलीच पोरं आत जातात. घरी उभी गाडीसुद्धा लॉक करायची, डिकी लावायची आणि चावी पोरांचा हात पोचणार नाही अशा खिळ्याला अडकवायची. बंद पडून झाडाखाली टाकलेल्या जुन्या गाडीलाही हेच लागू. मूल दिसेनासं झालं की आपण आधी विहीर आणि शेततळं बघतो. त्याच फेरीत आसपासची प्रत्येक उभी गाडी आणि तिची डिकीही बघावी.

मागच्या दाराला चाइल्ड लॉक लावलेलं असलं तर ते दार आतून उघडत नाही. म्हणून मुलांना दोन गोष्टी शिकवून ठेवाव्यात. अडकलात तर पुढच्या सीटवर या आणि पुढच्या दाराचं आतलं हँडल ओढा. बऱ्याच गाड्यांत लॉक असलं तरी ते उघडतं, काहींत दोनदा ओढावं लागतं. दुसरी गोष्ट, हॉर्न दाबत राहा. बहुतेक गाड्यांचा हॉर्न चावीशिवाय वाजतो. आपल्या गाडीत हे दोन्ही चालतं का, ते एकदा स्वतः करून बघा.

गाडी रिकामी असेल तर

इथं घाई करायचं कारण नाही. आधी चारही दारं आणि डिकी ओढून बघा. जुन्या सेंटर लॉकमध्ये एखाद्या दाराची मोटर गेलेली असते आणि ते दार उघडंच राहिलेलं असतं. डिकी उघडी सापडली तर मागची सीट पाडून आत जाता येतं.

चावी हातात आहे, पण रिमोटनं दार उघडत नाही, असंही होतं. बऱ्याचदा रिमोटमधला गोल सेल संपलेला असतो. बटण स्टार्टच्या गाडीच्या रिमोटला एक छोटा खटका असतो, तो सरकवला की आतून लोखंडी चावी निघते. ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलपाशी तिचं भोक असतं, कधी कधी प्लास्टिकच्या टोपीखाली लपलेलं. दार उघडल्यावर सायरन वाजला तर घाबरू नका. रिमोट स्टार्ट बटणाला टेकवून गाडी चालू केली की तो सहसा थांबतो. गाडीचीच बॅटरी उतरली असेल तेव्हाही हीच चावी कामाला येते.

बऱ्याच गाड्यांचं आणखी एक गणित मालकांना माहीत नसतं. रिमोटनं लॉक उघडलं आणि साधारण अर्ध्या मिनिटात कुठलंच दार उघडलं नाही, तर गाडी आपोआप पुन्हा लॉक होते. तेवढ्यात चावी उघड्या खिडकीतून सीटवर टाकलेली असली की झालं.

दुसरी चावी हा यावर सगळ्यात स्वस्त उपाय. नवी गाडी घेताना दोन चाव्या मिळतात. पण एक मुंबईला मुलाकडं असते आणि काही जण तर दुसरी चावी त्याच गाडीच्या ड्रॉवरमध्ये ठेवतात! चिप असलेली चावी शोरूममधून करून घ्यायची तर खर्च मोठा. त्याऐवजी चावीवाल्याकडून बिनचिपची साधी लोखंडी चावी कापून घ्यावी. तिनं इंजिन चालू होणार नाही, पण दार उघडेल, आणि आतली चावी हाती येण्यासाठी तेवढंच हवं असतं. ही चावी पाकिटात ठेवावी, गाडीत नको.

ती नसेल तर विम्याचा कागद बघा. पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स घेतलेलं असेल तर दार उघडून द्यायची सेवा त्यात बहुतेकदा असते. फोनवर तीन गोष्टी विचारा: माणूस कुठून निघणार, किती वेळ लागणार, वरचे पैसे किती. पुण्याहून येणार असेल तर स्थानिक चावीवाला बरा. त्याच्याशी पैसे आधी ठरवा. तो आरसी मागेल, आणि मागितलीच पाहिजे. न विचारता कुणाचीही गाडी उघडून देणारा चावीवाला उद्या तुमचीही दुसऱ्याला उघडून देईल. आरसी मोबाईलमध्ये आणि मोबाईल गाडीत, असं नको असेल तर एक झेरॉक्स घरी ठेवा. घरच्या एकाचा नंबर तरी तोंडपाठ हवा.

जुनी मारुती ८०० पट्टी घालून उघडायची, ते दिवस गेले. नव्या गाडीच्या दारात लॉकच्या आणि काचेच्या मोटरच्या वायरी असतात. खिडकीच्या फटीतून आत तार खुपसली की दार उघडेलच असं नाही, पण वायरिंगचं काम मात्र निघतं. जाणकार कारागीर दाराच्या वरच्या कडेला हवेची पिशवी फुगवून थोडी फट करतो आणि लांब सळीनं आतलं बटण दाबतो.

रात्रीची वेळ आणि रस्त्याच्या कडेला ऊस असेल तर गाडीपाशी एकट्यानं बसून राहू नये. जुन्नर तालुक्यात बिबट्याचं वेगळं सांगायला नको. खाली बसलेला किंवा वाकलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. उभं राहा, मोठ्यानं बोलत जवळच्या वस्तीवर किंवा ढाब्यावर जा. बिबट्या दिसला तर वन विभागाचा १९२६ हा नंबर आहे. माळशेज घाटात तर रेंजचाही भरवसा नाही, तिथं खाली उतरताना चावी हातातच असू द्या.

काच फुटलीच तर

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर काचेचे पैसे मिळत नाहीत. फुल विमा असेल तर काचेवर घसारा कापला जात नाही. पण १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २००० रुपये खिशातून जातात. शिवाय क्लेम केला की पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस सहसा जातो. एका दाराच्या काचेसाठी क्लेम करण्यापेक्षा आधी गॅरेजवाल्याला दर विचारलेला बरा. मागची छोटी तिकोनी काच स्वस्त असेल म्हणून तीच फोडायची, हा हिशेबही बऱ्याचदा चुकतो. ती चिकटवून बसवलेली असेल तर मजुरीच जास्त होते.

काच बसवून झाल्यावर सीटच्या फटीतले आणि दाराच्या आतले खडे गॅरेजमध्येच काढून घ्यावेत. आत राहिले तर काच खाली-वर करताना नव्या काचेवर ओरखडे पडतात. आणि नवीन गाडीच्या चावीला छोटा नंबर कोरलेली पट्टी आली असेल तर ती जपून घरी ठेवावी. चावी हरवली की शोरूमवाले तोच नंबर मागतात.