हॉप : बिअरचा कडू राखणदार

लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या आवारात आता जागेवरच तयार केलेली बिअर मिळते. तिथल्या फलकावर ‘इंडिया पेल एल’ म्हणजेच ‘आयपीए’ हे नाव हमखास असतं. हॉजसन नावाच्या इंग्रजाने खास हिंदुस्थानसाठी ही बिअर शोधली, अशी कथाही सांगितली जाते. ती अर्धीच खरी आहे. उरलेली अर्धी समजायला हॉपकडे पाहावं लागतं.

हॉप ही भांगेच्या कुळातली वेल. मादी वेलीला शंकूच्या आकाराचे, खवल्याखवल्यांचे हिरवे फुलोरे येतात. खवल्यांच्या बुडाशी असलेल्या चिकट पिवळ्या पुडीत कडू आम्लं आणि सुगंधी तेलं असतात. केंट परगण्यातलं ‘गोल्डिंग’ हे नामांकित वाण अठराव्या शतकाच्या अखेरीस पुढे आलं. आपल्या हापूसप्रमाणे ‘ईस्ट केंट गोल्डिंग्ज’ या नावालाही प्रदेशाचं कायदेशीर संरक्षण आहे. चांगल्या फुलोऱ्यासाठी या वेलीला हिवाळ्याची थंडी आणि उन्हाळ्याचा लांब दिवस लागतो. जूनमध्ये केंटचा दिवस साडेसोळा तासांचा, तर मुंबईचा सव्वातेरा. भारतात हॉपची लागवड झाली ती काश्मीर, लाहौल अशा थंड खोऱ्यांतच.

माल्टच्या गोड काढ्यात हॉप सुरुवातीलाच घालून तास-दीड तास उकळला, की आम्लांचं रूप बदलून ती विरघळतात आणि कडूपणा उतरतो. सुगंध मात्र वाफेबरोबर उडतो. उकळी संपताना घातला, किंवा नंतर पिपात कोरडाच टाकला, तर सुगंध टिकतो. फोडणीतला कढीपत्ता आणि वरून पेरलेली कोथिंबीर यांत जो फरक, तोच इथे. गोल्डिंगमध्ये कडूपणा देणारी अल्फा आम्लं साधारण ४ ते ६ टक्के असतात. ‘सिट्रा’ या अमेरिकन वाणात त्याच्या दुपटीहून जास्त. गोल्डिंगची किंमत आहे ती फुलांच्या, मधाच्या, किंचित मसाल्याच्या सौम्य वासाला.

या आम्लांचं आणखी एक काम म्हणजे राखण. बिअर आंबवून नासवणाऱ्या लॅक्टोबॅसिलससारख्या जिवाणूंना ती रोखतात. दुधाचं दही करणारे जिवाणू याच गोतावळ्यातले. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला होण्यापूर्वी लंडनहून निघालेलं जहाज आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून काही महिन्यांनी मुंबईला लागे. म्हणूनच १७६० च्या दशकातही उष्ण देशांत जाणाऱ्या बिअरमध्ये हॉप वाढवावा, असा सल्ला दिला जात होता.

म्हणजे युक्ती हॉजसनची नव्हती. १७५२ मध्ये सुरू झालेला त्याचा कारखाना लंडनच्या ‘बो’ भागात, कंपनीच्या जहाजांच्या धक्क्यापासून जवळ होता, आणि तो कप्तानांना लांब मुदतीची उधारी देई. त्याची बाजी लागली ती जागेवर आणि उधारीवर. १८२० च्या दशकात बर्टन गावच्या ऑलसॉप आणि बास यांनी ही बाजारपेठ काबीज केली. तिथल्या जिप्समयुक्त पाण्यात हॉपचा कडूपणा अधिक स्वच्छ उतरे. शिवाय पेल एल मुख्यतः अधिकाऱ्यांच्या टेबलावरची. साध्या गोऱ्या शिपायाचं पेय काळी ‘पोर्टर’.

आज परळमध्ये टाकीपासून ग्लासापर्यंतचं अंतर काही पावलांचं आहे, आणि थंडावा यंत्र देतं. राखणदाराचं काम संपलं, त्यामुळे हॉप किती घालायचा हे आता केवळ चवीवर ठरतं. आजच्या बहुतेक आयपीएंना संत्र्या-आंब्याचा जो वास येतो, तो अमेरिकन पद्धतीच्या नव्या वाणांचा. मुंबई बंदरात उतरणाऱ्या पिपांच्या जवळ जायचं असेल, तर गोल्डिंग वापरलेली इंग्रजी पेल एल मागावी.