पूजेआधी पारख

विजयादशमी हा साडेतीन मुहूर्तांतील एक पूर्ण मुहूर्त. या दिवशी दारी वाहन यावे, त्यास झेंडूची माळ चढावी, ही गृहस्थाची इच्छा स्वाभाविकच होय. नवी मोटारसायकल आवाक्याबाहेर असली, की विक्रेत्याने प्रात्यक्षिकासाठी वापरलेली ‘डेमो’ गाडी कमी किमतीत मिळते व मन तिकडे ओढ घेते. त्यात गैर काही नाही; मात्र पूजेआधी पारख व्हावी, एवढेच आम्ही सुचवू.

अशी गाडी अनेक अनोळखी हातांनी चालविलेली असते. म्हणून क्लच, ब्रेक, साखळी व टायर जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावेत. ती विक्रेत्याच्या नावे नोंदलेली असल्यास आपण दुसरे मालक ठरतो. नोंदणीची १५ वर्षेही तेव्हापासूनच मोजली जातात. हमी किती उरली, हे लेखी घ्यावे. नावबदलासाठी नमुना २९ व ३० भरावेत. विमा कंपनीस १४ दिवसांत कळवावे. मिळणारी सवलत या साऱ्यास पुरते काय, याचा हिशेब घरी बसून मांडावा.

दसरा हुकला, तरी दिवाळीचा पाडवा आहेच. शुभ दिवस आरंभास बळ देतो. सदोष ब्रेक मात्र मुहूर्ताने सुधारत नाही, आणि त्या गाडीवर आपलीच मुले बसणार असतात.