फोटो डिलीट केला, पण चेहऱ्याचं काय?

काही वर्षांपूर्वीचं फेसबुक आठवतंय का? ट्रिपचे फोटो टाकले की प्रत्येक चेहऱ्याभोवती एक चौकोन यायचा आणि फेसबुक विचारायचं, हा तुमचा अमुक मित्र आहे का, टॅग करायचं का? तेव्हा त्याची गंमत वाटायची. सगळ्यांची नावं टाइप करत बसायचा व्याप वाचायचा.

'टॅग सजेशन्स' नावाचं हे फीचर फेसबुकनं डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकेत आणलं आणि पुढच्या वर्षी इतर देशांतही सुरू केलं. याच गमतीपायी कंपनीला नंतर अब्जावधी डॉलर मोजावे लागले. ते का, हे समजून घ्यायचं तर आधी फोटो आणि फेसप्रिंट यातला फरक बघायला हवा.

फोटो वेगळा, फेसप्रिंट वेगळी

कॉम्प्युटरला चेहरा दिसत नाही, आकडे दिसतात. फोटोत चेहरा कुठे आहे हे सॉफ्टवेअर आधी शोधतं, तो सरळ करून घेतं आणि त्यातून आकड्यांची एक लांबलचक यादी तयार करतं. हीच फेसप्रिंट. एकाच माणसाच्या दोन फोटोंमधून निघालेल्या याद्या एकमेकींच्या जवळ येतात, वेगळ्या माणसाची यादी लांब पडते. दाढी वाढवली, चष्मा लावला, तरी फार फरक पडत नाही.

फेसबुकच्या संशोधकांनी २०१४ मध्ये 'डीपफेस' ही सिस्टीम जगासमोर मांडली. दोन फोटो एकाच माणसाचे आहेत का, हे ती ९७.३५ टक्के वेळा अचूक सांगत होती. त्याच चाचणीत माणसांचा स्कोअरही साधारण तेवढाच होता. ही हुशारी आली कुठून? तिला शिकवायला ४,००० हून जास्त लोकांचे सुमारे ४० लाख फोटो वापरले होते, आणि ते फेसबुकवरचेच होते. कोणता चेहरा कुणाचा, हे लोकांनीच टॅग करून फुकटात सांगून ठेवलं होतं.

खरी अडचण पुढे आहे. पासवर्ड लीक झाला तर बदलता येतो, यूपीआय पिनही बदलता येतो. चेहरा बदलता येत नाही. आणि तुम्ही फोटो डिलीट केलात, तरी त्यावरून बनलेली फेसप्रिंट आपोआप जाईलच असं नाही.

एका राज्याच्या कायद्यानं जेरीस आणलं

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यानं २००८ मध्येच, म्हणजे टॅग सजेशन्स यायच्याही आधी, बायोमेट्रिक माहितीबद्दल कायदा केला होता. कुणाच्याही बोटांचे ठसे किंवा चेहऱ्याची मोजमापं घ्यायची असतील तर आधी सांगा आणि लेखी संमती घ्या, नाहीतर प्रत्येक उल्लंघनामागे १,००० ते ५,००० डॉलर द्या. शिवाय सरकारची वाट न बघता सामान्य माणूस थेट कोर्टात जाऊ शकतो, ही यातली सगळ्यात धारदार तरतूद.

२०१५ मध्ये तिथल्या युजर्सनी फेसबुकवर खटला भरला. कंपनी आधी ५५ कोटी डॉलरवर तडजोडीला तयार झाली. न्यायाधीशांना ती रक्कम कमी वाटली, म्हणून आकडा ६५ कोटींवर गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये तडजोडीला मंजुरी मिळाली आणि सुमारे १६ लाख लोकांना प्रत्येकी ३०० डॉलरहून जास्त रक्कम मिळणार हे ठरलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फेसबुकनं चेहरा ओळखण्याची ही यंत्रणा बंद करून १०० कोटींहून जास्त लोकांच्या फेसप्रिंट पुसत असल्याचं जाहीर केलं. डीपफेस हे तंत्रज्ञान मात्र कंपनीनं टाकून दिलं नाही. पुढे २०२४ मध्ये टेक्सास राज्याशी याच मुद्द्यावर मेटानं १४० कोटी डॉलरची तडजोड केली.

मग विषय संपला? नाही. कारण फेसबुकनं स्वतः चेहरे ओळखणं थांबवलं तरी लोकांचे फोटो तिथेच होते, आणि ते उचलायला दुसरं कुणीही येऊ शकत होतं.

कुणी न विचारता उचललेले अब्जावधी चेहरे

जानेवारी २०२० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'नं 'क्लिअरव्ह्यू एआय' नावाच्या एका छोट्या कंपनीबद्दल बातमी दिली. या कंपनीनं फेसबुक, यूट्यूब आणि लाखो वेबसाइटवरून ३०० कोटींहून जास्त फोटो गोळा करून त्याचं सर्च इंजिन बनवलं होतं. पोलिसांनी एखाद्या अनोळखी माणसाचा फोटो टाकायचा, की त्याचे इंटरनेटवरचे इतर फोटो लिंकसकट समोर. सोशल मीडिया कंपन्यांनी हे थांबवा म्हणून नोटिसा पाठवल्या. क्लिअरव्ह्यूचं म्हणणं एकच, फोटो पब्लिक होते.

हा युक्तिवाद युरोपात चालला नाही. इटली, फ्रान्स आणि ग्रीस या देशांनी प्रत्येकी २ कोटी युरोचा दंड ठोठावला, २०२४ मध्ये नेदरलँड्सनं ३ कोटी ५ लाख युरोचा. अमेरिकेत २०२२ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार आपला डेटाबेस तिथल्या बहुतेक खासगी कंपन्यांना विकायला क्लिअरव्ह्यूला मनाई झाली. त्या तडजोडीमागेही इलिनॉयचाच तो जुना कायदा होता.

क्लिअरव्ह्यू पोलिसांसाठी आहे. 'पिमआइज'सारखं सर्च इंजिन तर पैसे भरून कुणालाही वापरता येतं. २०२४ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी कॅमेरा असलेला रेबॅन मेटा चष्मा, पिमआइज आणि एआय यांची जोडणी करून दाखवली. समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाकडे बघितलं की त्याचं नाव आणि इतर माहिती फोनवर. धोका लक्षात यावा म्हणून त्यांनी हे केलं आणि कोड जाहीर केला नाही. वापरलेल्या सगळ्या गोष्टी मात्र बाजारात मिळणाऱ्याच होत्या.

आणि भारतात?

खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये एकमतानं सांगितलं. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत.

पण या कायद्याच्या कलम ३ मध्ये एक मोठी फट आहे. एखाद्यानं स्वतःची माहिती स्वतःहून सार्वजनिक केली असेल, तर तिला हा कायदा लागूच होत नाही. कायद्यात उदाहरणही दिलंय, ब्लॉगवर मतं मांडताना सोशल मीडियावर स्वतःची माहिती सार्वजनिक करणाऱ्या व्यक्तीचं. म्हणजे क्लिअरव्ह्यूचा जो युक्तिवाद युरोपनं फेटाळला, तो आपल्याकडे कायद्यातच बसवलाय असं वाटावं. पब्लिक अकाउंटवरच्या सेल्फीवरून कुणी फेसप्रिंट बनवली तर काय, याचं सरळ उत्तर कायदा देत नाही. मित्रानं तुमचा फोटो टाकला तर तो 'स्वतःहून' कसा, हाही प्रश्न आहेच.

२०२५ मध्ये आधी जिब्ली आणि मग साडीच्या एआय फोटोंचा ट्रेंड आला, तेव्हा 'फोटो देऊ नका' असे मेसेज फिरले. काळजी रास्तच. पण तिथे निदान फोटो तुम्ही स्वतः देता आणि अटी मान्य करता. लग्नात क्यूआर कोड स्कॅन करून सेल्फी दिला की आपले सगळे फोटो शोधून देणारी सोय आता सर्रास दिसते. ती तर चेहरा जुळवूनच चालते, आणि तो सेल्फी पुढे किती दिवस ठेवणार हे मांडवात कुणी विचारत नाही.

हातात असलेल्या गोष्टी थोड्या आहेत, पण आहेत. इन्स्टाग्राम अकाउंट प्रायव्हेट करता येतं. भारतातल्या युजर्ससाठी फेसबुकनं २०२० मध्ये 'प्रोफाइल लॉक' आणलं, त्यानं अनोळखी लोकांना तुमचा मोठा फोटो उघडता येत नाही. दोन्हीचा उपयोग यापुढच्या फोटोंना जास्त, आधीच उचललेल्या फोटोंना नाही. मुलांच्या फोटोंबाबत तर हे आधीच ठरवलेलं बरं, कारण त्यांची संमती कुणी घेतलेलीच नसते.

पिमआइजच्या निकालांतून चेहरा काढून टाकण्यासाठी विनंती करता येते. त्यासाठी त्यांना आपला एक स्पष्ट फोटो पाठवावा लागतो.