११ महिन्यांच्या भाडेकरारालाही नोंदणी सक्तीची. पुण्यात फ्लॅट भाड्याने देताना काय लक्षात ठेवाल?

पुणे : ‘भाडेकरू ओळखीचा आहे, करार ११ महिन्यांचाच आहे, मग नोंदणी कशाला? ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी केली की झालं!’ कोथरूडपासून खराडीपर्यंत दुसरा फ्लॅट भाड्याने देणाऱ्या अनेकांचा हाच समज असतो. मात्र हीच बचत पुढे महागात पडू शकते.

गैरसमज कुठून आला?
१९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. त्यातून ११ महिन्यांची पद्धत रुळली. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. त्याच्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा.

जबाबदारी कोणाची?
घरमालकाची. नोंदणी न केल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत करारातील अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

मुदत संपूनही घर सोडले नाही तर?
पेठांतल्या वाड्यांमधील वर्षानुवर्षांचे खटले पाहून अनेक जण घर रिकामे ठेवणेच पसंत करतात. पण ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारासाठी कलम २४ चा वेगळा मार्ग आहे. दिवाणी न्यायालयाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. समोरच्याला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाईची तरतूद आहे. मात्र रागाच्या भरात पाणी किंवा वीज तोडू नका. कायद्याने त्याला मनाई आहे.

खर्च किती?
समजा, भाडे २० हजार, अनामत रक्कम ६० हजार आणि मुदत ११ महिने. एकूण भाडे २ लाख २० हजार. अनामत रकमेवर वर्षाला १० टक्के दराने धरलेले व्याज ५,५००. या बेरजेवर ०.२५ टक्के, म्हणजे सुमारे ५६४ रुपये मुद्रांक शुल्क. शहरात नोंदणी शुल्क १ हजार रुपये. एजंट घेतल्यास त्याचे पैसे वेगळे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर आधार आणि अंगठ्याच्या ठशाने घरबसल्या ई-नोंदणी होते.

एवढ्यावर संपले का?
नाही. ही तीन कामेही करा.

• पोलिस : भाडेकरूची माहिती पुणे पोलिसांना कळवा. ती ऑनलाइन भरता येते.

• सोसायटी : आदर्श उपविधीनुसार पूर्वपरवानगी लागत नाही, कराराची प्रत देऊन कळवावे लागते. बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही.

• महापालिका : मिळकतकरातील ४० टक्के सवलत मालक स्वतः राहत असेल तरच मिळते. फ्लॅट भाड्याने दिल्यावर ती गृहीत धरू नका. भाडे ठरवतानाच वाढीव कराचा हिशेब करा.

महिन्याला २० हजार देणाऱ्या घरासाठी वर्षाला दीड-दोन हजारांचा हा खर्च आहे. नोंदणीची प्रत भाडेकरूलाही द्या. उद्या अनामत रकमेवरून वाद झाला, तर तोच कागद त्याच्याही कामी येईल.