धाप नसतानाही दमा

दम्याच्या लेकराला सर्वाधिक त्रास होतो तो पहाटे तीन-चारच्या सुमारास. सूज आवरणारे कॉर्टिसॉल हे शरीरातले संप्रेरक मध्यरात्रीच्या आसपास अगदी कमी झालेले असते आणि पहाटे श्वासनळ्या सर्वांत अरुंद असतात. मंठा किंवा घनसावंगी तालुक्यातल्या एखाद्या गावात अशा वेळी आई लेकराला मांडीवर ताठ धरून बसून राहते. उजाडते, एसटी मिळते, जालन्याच्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत अकरा वाजतात. तोवर छाती बरीच मोकळी झालेली असते, लेकरू बाकावर खेळत असते. ‘रात्री लई धाप होती हो, पोट उडायलं होतं,’ असे आई सांगते. पण तपासणाऱ्याच्या कानाला फारसे काही ऐकू येत नाही. खोकल्याचे औषध आणि एखादे अँटिबायोटिक घेऊन दोघे घरी जातात. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा तेच.

येणे आणि जाणे हाच दम्याचा स्वभाव आहे. धाप लागते, ओसरते, मग कित्येक दिवस काहीच नसते. त्यामुळे घरच्यांना वाटते की आजार आला आणि गेला. खरे तर गेलेली असते ती फक्त धाप. श्वासनळ्यांच्या अस्तरातली सूज त्या चांगल्या दिवसांतही तिथेच असते. दम्याविषयी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही.

सूज असलेली नळी हळवी होते. साध्या सर्दीचा विषाणू, चुलीचा धूर, थंड हवा, धावपळ, अगदी खूप हसणेसुद्धा तिला पुरते. मग तीन गोष्टी घडतात. नळीभोवतीचे स्नायू आवळतात, अस्तर आणखी सुजते आणि चिकट कफाने उरलेली जागा भरते. मोठ्या माणसाला हे निभावता येते. लहान मुलाला का येत नाही, याचे उत्तर नळीतल्या प्रवाहाच्या गणितात आहे. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, सोळापट होतो. ४ मिलिमीटर व्यासाच्या नळीला आतून चहूबाजूंनी १ मिलिमीटर सूज आली, तर जी सोळापट अडचण होते, तीच सूज ८ मिलिमीटरच्या नळीत आली तर अडथळा जेमतेम तिपटीच्या आसपास जातो. म्हणून ज्या सर्दीने बापाचे फक्त नाक गळते, तीच सर्दी तीन वर्षांच्या पोराला रात्रभर बसवून ठेवते.

दम्यात हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे जड जाते, हे अनेकांना ठाऊक नसते. श्वास घेताना छाती फुलते, तशा आतल्या नळ्याही थोड्या रुंदावतात. सोडताना छातीतला दाब वाढतो आणि आधीच अरुंद झालेल्या बारीक नळ्या आणखी दबतात. त्यातून हवा बाहेर पडताना शिट्टीसारखा सूं सूं आवाज येतो. जुनी हवा पुरती बाहेर पडत नाही, छाती फुगलेली राहते आणि नव्या हवेला जागा उरत नाही. मग लेकरू पोटाच्या जोराने श्वास ओढू लागते. लहान मुलांच्या बरगड्या मऊ असतात, त्यामुळे प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या मधली आणि खालची कातडी आत खेचली जाते. आपल्याकडे जिला पोट उडणे, पासळी चालणे म्हणतात, ती खूण अशी तयार होते. आयाबायांचे हे निरीक्षण पक्के असते आणि डॉक्टरांनी ते तितक्याच गांभीर्याने ऐकले पाहिजे.

ते निरीक्षण दवाखान्यापर्यंत पोचवायचा आज एक सोपा मार्ग आहे. रात्री धाप लागलेली असताना लेकराचा सदरा वर करा आणि छाती-पोट दिसेल असा एक मिनिटाचा व्हिडिओ मोबाइलवर घ्या. आवाजही त्यात येऊ द्या. डॉक्टरांना श्वास मोजता येतील, बरगड्या दिसतील. घरीही मोजता येतात. लेकरू शांत किंवा झोपलेले असताना पूर्ण मिनिटभर पोटाकडे पाहायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे २ महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, २ ते १२ महिन्यांच्या बाळाचे ५० किंवा जास्त, आणि १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास हे जलद मानले जातात.

अर्थात, प्रत्येक धाप दम्याची नसते. तापासह जलद श्वास असेल, तर आधी न्यूमोनियाचा विचार करायचा. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला आयुष्यात पहिल्यांदाच छातीत घरघर झाली, तर बहुधा विषाणूमुळे बारीक नळ्यांना सूज आलेली असते. खेळता-खेळता, खाता-खाता अचानक ठसका लागून धाप सुरू झाली, तर शेंगदाणा, हरभरा किंवा चिंचोका श्वासनळीत गेला असण्याची शक्यता धरून तातडीने मोठ्या रुग्णालयात जावे. त्याला दम्याचा पंप (इनहेलर) लागू पडत नाही. रक्त फार कमी असणे, हृदयाचा जन्मजात दोष, क्षयरोग यांतही दम लागतो. दम्याकडे बोट दाखवतात त्या गोष्टी वेगळ्या आहेत. त्रास वारंवार येतो, रात्री-पहाटे वाढतो, धावल्यावर किंवा हसल्यावर खोकल्याची उबळ येते, पंपाने किंवा औषधाच्या वाफेने आराम पडतो, घरात कुणाला तरी दमा, सततच्या शिंका किंवा अंगावर खाजरे चट्टे असतात. काही मुलांत तर शिट्टी ऐकूच येत नाही, रात्रीचा कोरडा खोकला तेवढा असतो. फुंकून करायची फुप्फुसाची चाचणी साधारण पाच वर्षांखालच्या मुलांना नीट जमत नाही. तिथे निदान उभे राहते ते घरच्यांनी सांगितलेल्या हकिकतीवर.

जालन्याच्या हवेत आणि घरात दम्याला चिथावणारे काय काय आहे? जालना शहर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात सलग पाच वर्षे हवेची मानके न पाळू शकलेली शहरे घेतली गेली, आणि लोखंडी सळयांच्या कारखान्यांचे हे गाव त्यांत मोडले. पण खेड्यातल्या लेकराचा मोठा शत्रू घरातच असतो. कपाशी निघाली की पऱ्हाट्या रचून ठेवायच्या आणि वर्षभर चुलीत घालायच्या, हे जिल्ह्यात घरोघरी चालते. पऱ्हाट्यांचा धूर डोळ्यांत पाणी आणतोच. चुलीजवळ खेळणाऱ्या मुलाच्या श्वासनळ्यांवरही तो तसाच बसतो. गॅस घरात असूनही सिलिंडर महाग म्हणून चूल पेटते, हे मला समजते. निदान दम्याच्या लेकराचे अंथरूण त्या खोलीत नको. डासांच्या अगरबत्तीचे तर फारच कमी लोकांच्या लक्षात येते. एक कॉइल पूर्ण जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. बंद खोलीत कॉइलपेक्षा मच्छरदाणी कितीतरी बरी.

मग सोयाबीन. बार्सिलोना या स्पेनमधल्या बंदराच्या शहरात १९८१ ते १९८७ या काळात दम्याच्या २६ साथी आल्या. एकाच दिवशी अनेक माणसे धापा टाकत रुग्णालयात येत आणि कारण कळत नसे. संशोधकांनी त्या तारखा बंदरातल्या जहाजांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तेव्हा सोयाबीन उतरवण्याच्या दिवसांशी त्या जुळल्या. एका कोठाराला धूळ अडवणारी गाळणी नव्हती. सोयाबीनच्या टरफलाची धूळ तिथून वाऱ्याबरोबर शहरात जात होती. गाळण्या बसवल्या आणि साथी थांबल्या. त्या साथींतले रुग्ण बहुतेक प्रौढ होते. तरी ज्या जिल्ह्यात दसरा-दिवाळीला शेतोशेती सोयाबीनची मळणी यंत्रे चालतात, तिथल्या आईबापांनी हे वाचून ठेवावे असे मला वाटते. मळणीच्या दिवसांत लेकराला खळ्यावर नेल्यावर रात्री छाती भरते का, हे दोन हंगाम लिहून ठेवले तर उत्तर मिळेल. गाजर गवताच्या फुलोऱ्याचे, जुन्या गोधड्यांतल्या धुळीचे, जून-जुलैत शाळेतून घरी येणाऱ्या सर्दीचेही असेच पाहावे. प्रत्येक लेकराचे चिथावणारे कारण वेगळे असते. दही, केळी, मोसंबी सरसकट बंद करण्याला मात्र आधार नाही. जालन्यासारख्या मोसंबीच्या मुलखात दम्याच्या मुलाला फळापासून तोडणे ही त्याच्यावर विनाकारण शिक्षा आहे.

येण्या-जाण्याचा हाच स्वभाव औषधांच्या बाबतीतही फसवतो. मृग नक्षत्राला हैदराबादेत बथिनी कुटुंब जिवंत मरळ माशाच्या पिल्लातून दम्याचे औषध देते. मनमाड–सिकंदराबाद रेल्वेमार्गावरच्या जालन्याला हैदराबाद दूरचे नाही. कोजागिरीला खिरीतून औषध देणारी ठिकाणे तर महाराष्ट्रभर आहेत. रात्र-रात्र रांगेत उभे राहणाऱ्या त्या आईबापांची तळमळ खरी असते. पण माणूस औषधाला जातो ते त्रास शिखरावर असताना, आणि दम्याचा त्रास शिखरावरून आपोआपही उतरतो. त्याचे श्रेय त्या दिवशी घेतलेल्या औषधाला मिळते. शिवाय बाळदमा म्हटल्या जाणाऱ्या मुलांपैकी बरीच मुले वाढीबरोबर बरी होतात. अमेरिकेतल्या टूसॉन शहरात जन्मापासून मुलांचा मागोवा घेतला गेला. पहिल्या तीन वर्षांत छातीत शिट्टी वाजलेल्या मुलांपैकी साधारण ६० टक्के मुलांचा त्रास सहाव्या वर्षापर्यंत थांबलेला होता. उरलेल्या ४० टक्क्यांचे काय, हा खरा प्रश्न आहे. त्यांची सूज कोणत्याही एका रात्रीच्या औषधाने जात नाही.

तिच्यासाठी आहे तो पंप, आणि पंपाविषयी जितका गैरसमज आहे तितका क्वचितच दुसऱ्या औषधाविषयी असेल. ‘पंपाची सवय लागते’, ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’, ‘पोरीला पंप लावला तर लग्न कसं होईल’ ही वाक्ये शिकलेल्या घरांतही ऐकू येतात. इतिहास पाहा. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीजचे जॉर्ज मेसन यांच्या दमेकरी मुलीने, वय वर्षे १३, बापाला विचारले की केसांच्या फवाऱ्यासारखे माझे औषध डबीतून का येत नाही? १९५६ मध्ये मोजका डोस देणारा पहिला पंप बाजारात आला. म्हणजे हे साधन एका लेकराच्या गरजेतूनच जन्मले.

हिशेबच करू. नळ्या मोकळ्या करणाऱ्या सालब्युटामॉलच्या पंपातून एका दाबाला १०० मायक्रोग्रॅम औषध निघते. त्याच औषधाच्या नेहमीच्या पातळ औषधात ५ मिलिलिटरमध्ये २ मिलिग्रॅम, म्हणजे २,००० मायक्रोग्रॅम असते. एका चमच्यात वीस दाबांइतके औषध पोटात जाते, रक्तातून अंगभर फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते आणि गुण यायला अर्धा तास लागतो. पंपाचे औषध थेट नळीत उतरते आणि पाच मिनिटांत काम सुरू करते. मोसंबीच्या बागेत पाट सोडणे आणि झाडाच्या मुळाशी ठिबक लावणे यांत जो फरक आहे, तोच इथे आहे.

पण सालब्युटामॉल फक्त आवळलेले स्नायू सैल करते, सुजेला हात लावत नाही. सूज उतरवायला दुसरा पंप लागतो, बुडेसोनाइडसारख्या स्टेरॉइडचा, आणि तो डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज, धाप नसतानाही घ्यायचा असतो. लेकरू हसते-खेळते आहे म्हणून तो बंद करण्याचा मोह याच टप्प्यावर होतो. स्टेरॉइड म्हटले की पालक घाबरतात, ते स्वाभाविक आहे. अमेरिकेत ५ ते १३ वर्षांच्या मुलांना चार ते सहा वर्षे रोज बुडेसोनाइड देऊन ती मोठी होईपर्यंत पाहिले गेले. इतरांपेक्षा त्यांची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. वर्षानुवर्षे रात्री जागणाऱ्या, शाळा बुडवणाऱ्या आणि दर अटॅकला स्टेरॉइडच्या गोळ्या खाणाऱ्या मुलासमोर ही किंमत फार लहान आहे. औषध घेतल्यावर चूळ भरायची, लहान्याचे तोंड पुसायचे, एवढी काळजी पुरते. मोकळे करणारा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल, तर सूज ताब्यात नाही असे समजून डॉक्टरांकडे जावे. दोन्ही पंपांवर ‘रोजचा’ आणि ‘धापेचा’ असे मार्करने लिहून ठेवावे.

पंप नुसता तोंडात मारला, तर बरेचसे औषध घशावर आपटते. त्यासाठी स्पेसर नावाची नळकांडी हवी, अगदी लहानांना मास्कसह. एक दाब, मग पाच-सहा संथ श्वास, मग दुसरा दाब. स्पेसर मिळत नसेल तर? केपटाउनच्या हेदर झार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले, की ५०० मिलिलिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाचे तोंड बसेल असे भोक पाडून ते घट्ट बंद केले, तर दम्याचा अटॅक आलेल्या ५ ते १३ वर्षांच्या मुलांना ती बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी पडते. हे प्रत्येक आरोग्य केंद्रात आशाताईंना शिकवता येईल. दोन्ही औषधे देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. ती केंद्रात मिळाली पाहिजेत, असा आग्रह गावाने धरावा.

हा आग्रह का, ते आकडे सांगतात. जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत. दम्याने होणाऱ्या मृत्यूंत मात्र आपला वाटा ४२ टक्क्यांहून अधिक आहे. पुण्यासह देशातल्या नऊ शहरांत मुले आणि पालक यांच्या पाहणीत छातीत शिट्टी वाजणाऱ्यांपैकी ८२ टक्के जणांना दम्याचे निदान झालेलेच नव्हते.

दिवाळीनंतर अंबड, घनसावंगी, मंठ्यातून ऊसतोडीचा कोयता घेऊन साखर कारखान्याकडे निघणाऱ्या कुटुंबांना ही औषधे जवळ असणे सर्वांत आवश्यक आहे. फडातली थंडी, पाचटाचा धूर आणि अनोळखी गाव. निघण्याआधी सहा महिन्यांचे पंप, स्पेसर आणि डॉक्टरांनी मराठीत लिहून दिलेला कागद पिशवीत हवा. धाप लागली तर किती दाब, किती वेळाने पुन्हा, आणि केव्हा थांबू नये, हे त्यावर लिहिलेले हवे. मूल एक वाक्य पुरते बोलू शकत नसेल, दूध-पाणी पिऊ शकत नसेल, ओठ निळसर पडले असतील किंवा ते सुस्तावले असेल, तर उजाडायची वाट पाहू नका. इतकी धाप असून शिट्टीचा आवाज अचानक बंद झाला, तर तो आराम नव्हे, हवाच आत-बाहेर होत नाही. पंप देत राहा आणि लगेच १०८ ला फोन करा.

आणि पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाल, तेव्हा पंप आणि स्पेसर बरोबर न्या. लेकराला तो त्यांच्यासमोर एकदा घ्यायला लावा आणि कुठे चुकते ते विचारून घ्या.