विरार जवळ की विमान?

वसईत सुरुची बागेच्या किनाऱ्यावर संध्याकाळी वाळूत बसलो होतो. भाचा आठवीत आहे. हातात मोबाईल, मान वर. डोक्यावरून एक विमान पांढरी रेघ ओढत चाललं होतं. त्याने ॲपमध्ये बघून सांगितलं, ‘पस्तीस हजार फूट.’ मग थोडं थांबून विचारलं, ‘मामा, वसईहून विरार जवळ की हे विमान?’

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि गणित करत बसलो. 35 हजार फूट म्हणजे 10 किलोमीटर आणि वर 700 मीटर. वसई रोड स्टेशनपासून विरार स्टेशन 8 किलोमीटर. मध्ये फक्त नालासोपारा. म्हणजे जे विमान आपल्याला दुसऱ्या जगातलं वाटतं, ते विरारच्या थोडंच पुढे असतं, एवढंच की उभ्या दिशेने. तुंगारेश्वरचा डोंगर 2,170 फुटांच्या आसपास आहे. असे सोळा तुंगारेश्वर एकावर एक रचले की त्या विमानाच्या पोटाला हात लागेल. पण या आडव्या आठ किलोमीटरांत हवा तीच, उकाडा तोच, घाम तोच. उभ्या दहा किलोमीटरांत मात्र तापमान शून्याखाली पन्नास अंशांवर जातं आणि हवा इतकी विरळ होते की उघड्यावर माणसाची शुद्ध मिनिटभरात हरपते. पातळ पत्र्याच्या नळीत बसून माणसं तिथे चहा पितात.

तेव्हापासून मला नाद लागला आहे. विमानांबद्दलचे आकडे वाचले की ते वसईच्या मापाने मोजून बघायचे. पुस्तकातला आकडा मोठा असतो, पण तो डोळ्यांपुढे येत नाही. विरार लोकल, पाण्याचा टँकर, किल्ला, ही आपली मापं हाताशी असली की तोच आकडा अंगावर येतो.

पहिलंच गणित घ्या. 2019 साली, कोरोनाची साथ यायच्या आधी, जगभरात विमानप्रवाशांची वर्षाची संख्या 450 कोटींच्या घरात होती. म्हणजे रोज सव्वा कोटी. एका प्रवाशाचा सरासरी पल्ला साधारण 1,900 किलोमीटर, म्हणजे हवेत अडीच तासांच्या आतबाहेर. सव्वा कोटींना अडीच तासांनी गुणायचं आणि चोवीसने भागायचं. उत्तर येतं बारा-तेरा लाख. कुठल्याही क्षणी, दिवसा किंवा रात्री, एवढी माणसं जमिनीवर नसतात. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार महानगरपालिकेची लोकसंख्या होती 12 लाख 22 हजार. हा मेळ मी तीनदा तपासला. नायगावपासून अर्नाळ्यापर्यंतचं आपलं सगळं शहर, इमारती आणि चाळी, वाड्या आणि पाडे, सगळी माणसं उचलून ढगांच्या वर ठेवली, तर जेवढी गर्दी होईल तेवढी या घडीला वर आहे. आणि ती कधीच ओसरत नाही. एक वसई-विरार उतरतं, तोवर दुसरं चढलेलं असतं.

आता मुंबईच्या विमानतळाकडे वळू. तिथे दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. रेल्वेच्या भाषेत सांगायचं तर येणारी आणि जाणारी सगळी वाहतूक एकाच रुळावरून. या एका पट्टीवरून 24 नोव्हेंबर 2017 ला चोवीस तासांत 969 विमानं उतरली-उडाली, तेव्हा मोठी बातमी झाली होती. पुढच्याच वर्षी हजाराचा आकडा ओलांडला. आणि 11 नोव्हेंबर 2023 ला, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, तिथे 1,032 विमानांची ये-जा झाली. दिवसाचे सेकंद 86,400. भागाकार करा. दर 84 सेकंदांना एक विमान, पहाटे तीन वाजतासुद्धा धरून.

84 सेकंद म्हणजे किती, हे विरारकराला समजवायला नको. गर्दीच्या वेळी एक लोकल गेल्यावर दुसरी यायला तीन मिनिटं तरी जातात. पश्चिम रेल्वेवर दिवसाला चौदाशेच्या आसपास लोकल धावतात, पण त्या चार मार्गांवर वाटलेल्या. धीम्याच्या वेगळ्या, जलदच्या वेगळ्या. विमानतळावर मार्ग एकच, आणि गाडी ताशी अडीचशे किलोमीटरने टेकते. वर ती सिग्नलला थांबू शकत नाही. नायगाव-भाईंदरच्या मध्ये खाडीवर लोकल उभी राहते, आपण दारातून पाणी बघतो, दहा मिनिटांनी ती निघते. विमानाला उभं राहायची सोय नाही, त्याला गोल फिरत राहावं लागतं आणि प्रत्येक फेरीला इंधन जातं. हे सगळं 84 सेकंदांच्या दोऱ्यात ओवायचं. कंट्रोल टॉवरमध्ये बसून हे करणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांची नावं कुणाला ठाऊक नसतात, आणि दिवस सुरळीत गेला की कुणाला त्यांची आठवणही येत नाही.

पण लोकलनेही इथे मान खाली घालायचं कारण नाही. 2023-24 या वर्षात मुंबई विमानतळावरून 5 कोटी 28 लाख प्रवासी गेले-आले. पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या लोकल मिळून दिवसाला 75 लाखांच्या आसपास माणसं वाहतात. म्हणजे विमानतळाची अख्ख्या वर्षाची गर्दी लोकलने सात दिवसांत वाहून नेली. सोमवारी सुरू केलं, रविवारी संपलं. जगातलं सगळ्यात मोठं प्रवासी विमान एअरबस ए-380 मुंबईला नेहमी येतं. दोन मजली आहे, पंखांचा पसारा जवळजवळ 80 मीटर, आणि नेहमीच्या मांडणीत 500 च्या आसपास प्रवासी बसतात. सकाळची बारा डब्यांची विरार फास्ट बोरिवली सोडते तेव्हा तिच्यात चार हजारांच्या वर माणसं असतात. आठ ए-380 एका लोकलमध्ये, आणि त्यातले निम्मे लोक एका पायावर उभे. ज्याने रोज ती गाडी पकडली आहे त्याने हा आकडा अभिमानाने सांगावा.

लोकलचा विषय निघालाच आहे तर आणखी एक माप सांगतो. मला ते सगळ्यात आवडतं.

17 डिसेंबर 1903. अमेरिकेत किटी हॉकच्या वाळूत राइट बंधूंनी चार वेळा उड्डाण केलं. पहिलं 12 सेकंदांचं, 120 फुटांचं. साडेछत्तीस मीटर. लोकलचा एक डबा 21 मीटरांच्या आसपास असतो. म्हणजे माणसाचं पहिलं इंजिनवालं उड्डाण लोकलच्या दोन डब्यांएवढंही नव्हतं. लेडीजमध्ये सुरू होऊन शेजारच्या डब्यातच संपलं असतं. त्या दिवशीचं शेवटचं उड्डाण सगळ्यात लांब गेलं, 59 सेकंद आणि 852 फूट, म्हणजे 260 मीटर. बारा डब्यांची लोकल मोजली तर तीही जवळजवळ तेवढीच भरते. पुढच्या वेळी वसई रोडला उतरलात की इंडिकेटरखाली उभे राहा आणि पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत नजर टाका. जगातला विमानप्रवास पहिल्या दिवशी इथून तिथवर पोहोचला होता. प्लॅटफॉर्मवरून चालत गेलात तर तीन-चार मिनिटं.

आणि आज? बोइंग 777-300 ईआर या विमानाच्या इंजिनाचा पुढचा पंखा सव्वातीन मीटर व्यासाचा आहे. लोकलचा डबा रुंदीला 3.66 मीटर. डब्याचं तोंड कापून तिथे तो पंखा बसवला तर दोन्ही बाजूंना वीतभर फट राहील. अशी दोन इंजिनं, आणि प्रत्येकाचा जोर 52 टनांचा. पोटात आणि पंखांत मिळून 1 लाख 81 हजार लिटर इंधन मावतं. मे महिन्यात आपल्या सोसायटीच्या गेटवर 10 हजार लिटरचा पाण्याचा टँकर येतो तेव्हा सगळी इमारत खिडकीत येते. असे अठरा टँकर रांगेत उभे करा, तेवढं इंधन एका विमानात. टायरमध्ये साधी हवा नसते, नायट्रोजन असतो, आणि त्याचा दाब 200 पीएसआयच्या वर. स्कूटरला आपण तिशीच्या आसपास भरतो. विमान टेकताना चाकाखालून धुराचा भपका निघतो तो उगाच नाही. त्या क्षणापर्यंत चाक स्थिर असतं आणि पापणी लवायच्या आत त्याला ताशी अडीचशेचा वेग गाठावा लागतो. थोडं रबर जळून पट्टीला चिकटतं. दर वेळी.

या विमानाच्या जातीचा पंख जानेवारी 1995 मध्ये मुद्दाम मोडेपर्यंत वाकवला होता. टोक 24 फूट वर गेलं, म्हणजे चाळीच्या दोन मजल्यांच्या वर, आणि मग तो तुटला. उड्डाणात कधी येऊ शकेल अशा जास्तीत जास्त भाराच्या दीडपटीला टिकला पाहिजे असा नियम आहे, तो 1.54 पटीला गेला. खिडकीशी बसून ढगात पंख हलताना दिसला की पोटात गोळा येतो, माझ्याही येतो. तेव्हा हे 24 फूट आठवावेत.

मोठ्या आकड्यांचं हे असं. पण या सगळ्यात माझं मन ज्यात अडकलं आहे तो आकडा अगदी लहान आहे. 25 किलो.

15 ऑक्टोबर 1932. जे. आर. डी. टाटा सकाळी 6 वाजून 35 मिनिटांनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून निघाले. विमान पुस मॉथ, एक इंजिन, 120 अश्वशक्तीचं. आज तेवढी ताकद मधल्या किमतीच्या मोटारीत असते. पंखांचा पसारा 11 मीटर, म्हणजे लोकलचा अर्धा डबा. सोबत प्रवासी कोणी नाही, फक्त टपाल, 25 किलो. अहमदाबादला उतरून इंधन भरलं. ते इंधन बैलगाडीतून आणलं होतं, डब्यांत. टाटांच्या हवाई टपालाच्या पहिल्या दिवशी बैल आणि विमान असे शेजारी शेजारी उभे होते. तिथून जुहू. दुपारी 1 वाजून 50 मिनिटांनी विमान जुहूच्या पट्टीवर टेकलं. पुढे दुसरे वैमानिक नेव्हिल व्हिन्टसेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासकडे गेले. पहिल्या पूर्ण वर्षात टाटांच्या विमान कंपनीने सगळे मिळून 155 प्रवासी नेले. आज एका मधल्या विमानातही त्याहून जास्त माणसं बसतात.

मुंबई विमानतळावरून आता वर्षाला 8 लाख टनांहून जास्त माल जातो-येतो. मी त्याला वर्षाच्या सेकंदांनी भागलं. उत्तर बघून वही खाली ठेवली. 25 किलो. जे. आर. डी. सव्वासात तास राबून जेवढं टपाल घेऊन आले, तेवढा माल आता त्या विमानतळावरून एका सेकंदात हलतो. आणि पुढच्या सेकंदाला परत तेवढाच.

मग एका रात्री नकाशा उघडला. अहमदाबादचा विमानतळ आणि जुहूची पट्टी, या दोन ठिपक्यांवर पट्टी ठेवली आणि पेन्सिलीने रेघ मारली. ती खंभातच्या आखाताच्या काठाने खाली उतरते, सुरतच्या बाजूने किनारा धरते, डहाणू-पालघरवरून सरकत सरकत येते, आणि वसईच्या किल्ल्यापासून जेमतेम एक किलोमीटरवरून जुहूला जाते. किल्ल्यापासून जुहू सरळ हवेत 26 किलोमीटर. पुस मॉथचा वेग ताशी 160 च्या आसपास. दहा मिनिटं.

भाच्याला हे सगळं सांगितलं तेव्हा त्याने मोबाईल खिशात टाकला. ‘म्हणजे किती वाजता गेले असतील इथून?’ त्याने विचारलं.

‘सरळ रेघेने आले असतील तर एक चाळीसला.’

नंतरच्या रविवारी आम्ही किल्ल्यात गेलो. दीड वाजता ऊन रणरणत होतं, पडक्या भिंतींच्या सावलीला चार-दोन माणसं आणि कुत्री. भाचा तटावर चढून उत्तरेकडे बघत उभा राहिला. 1932 साली इथल्या कोळ्यांनी आणि वाडीवाल्यांनी त्या दुपारी मान वर केली असेल, तर त्यांना आधी आवाज आला असेल, एकट्या इंजिनाचा, मोटारसायकलसारखा तुटक. मग अर्नाळ्याच्या बाजूने एक ठिपका. त्यात एक माणूस आणि पत्रांची थैली.

एक चाळीस झाले. वरून एक विमान गेलं, आवाज मागून आला. भाचा मोजू लागला, ‘एक, दोन, तीन...’ एकोणऐंशीला दुसरं दिसलं.